ड्रॉपडाउन सूचीची स्वयंचलित चाचणी

ड्रॉपडाउन सूचीची स्वयंचलित चाचणी म्हणजे संकेतस्थळावरील निवडयादी अपेक्षेप्रमाणे उघडते का, योग्य पर्याय दाखवते का आणि केलेली निवड अर्जात तशीच पोहोचते का, हे संगणकीय आज्ञावलीकरवी पुनःपुन्हा तपासण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात अशा सूचींचे सर्वपरिचित उदाहरण ‘महाभूलेख’ या भूमी अभिलेख संकेतस्थळावर आढळते. तेथे सातबारा पाहण्यासाठी जिल्हा, तालुका व गाव क्रमाने निवडावे लागते. निवड एका ओळीने चुकली, तर दुसऱ्याच गावातील त्याच गट क्रमांकाचा उतारा समोर येऊ शकतो. तो उतारा खराच असल्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही.

सूचीचे प्रकार

एचटीएमएल भाषेतील ‘सिलेक्ट’ हा घटक ब्राउझर स्वतःच रेखाटतो. 2004 मध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केलेल्या ‘सेलेनियम’ या साधनात त्यासाठी स्वतंत्र सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्लेराइट’मध्येही ती आहे. मात्र अनेक संकेतस्थळांवरील सूची साध्या चौकटी जोडून बनवलेली असते. ती दिसायला तशीच असली, तरी सेलेनियमची ही सोय तेथे त्रुटी दर्शवून थांबते. अशा वेळी चौकटीवर क्लिक करणे, यादी उघडेपर्यंत थांबणे आणि मग पर्यायावर क्लिक करणे या क्रिया स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. बाणांच्या कळा, एंटर व एस्केप यांनीही निवड करता येते का, हे तपासणे आवश्यक ठरते. दृष्टिहीन वापरकर्त्यांचा सारा भार त्यांवरच असतो.

पर्यायाची ओळख

पर्याय तीन प्रकारे निवडता येतो : दिसणाऱ्या मजकुरावरून, त्यामागील सांकेतिक मूल्यावरून किंवा अनुक्रमांकावरून. अनुक्रमांक सर्वांत कच्चा. यादीत एक गाव वाढले की पुढची सर्व गावे सरकतात. मजकूरही स्थिर नसतो. मराठी शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी ‘गांव’ हे रूप कागदोपत्री अद्याप भेटते. कोणी ते सुधारून ‘गाव’ केले की शुद्धलेखन सुधारते आणि चाचणी मात्र नापास होते. 2023 मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली, तेव्हा जुन्या नावांवर बेतलेल्या चाचण्यांपुढे हाच प्रश्न होता. म्हणून निवडीसाठी सांकेतिक मूल्य वापरणे आणि त्या मूल्यापुढे योग्य नाव दिसते का हे वेगळे पडताळणे अधिक सुरक्षित असते.

परस्परावलंबी सूची

तालुका बदलताच गावांची यादी बदलणे हा या चाचणीतील सर्वांत अवघड भाग होय. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे शेजारी तालुके त्यासाठी उत्तम नमुना ठरतात. पारगाव तर्फे आळे हे जुन्नर तालुक्यात, तर पारगाव तर्फे खेड हे आंबेगाव तालुक्यात आहे. ‘तर्फ’ हा जुना महसुली उपविभाग. नावातील हा भाग अरुंद चौकटीत कापला गेला, तर दोन्ही गावे केवळ ‘पारगाव’ उरतात. आंबेगाव तालुक्यातच अवसरी बुद्रुक व अवसरी खुर्द आहेत. खुद्द ‘आंबेगाव’ हे नावही फसवे आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे, आणि आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही गावे हवेली तालुक्यात येतात. ‘नावात आंबेगाव असलेला पहिला पर्याय’ अशी आज्ञा लिहिणाऱ्याची गाठ याच नावांशी पडते.

चाचणीत प्रथम जुन्नर व पारगाव तर्फे आळे निवडावे, नंतर तालुका बदलून आंबेगाव करावा. गावाची चौकट रिकामी झाली पाहिजे आणि जुन्नरची गावे यादीतून गेली पाहिजेत. नवी यादी सर्व्हरकडून येण्यास वेळ लागतो. त्यासाठी ठरावीक दोन-तीन सेकंद थांबण्याची आज्ञा देणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. जोडणी मंद असेल त्या दिवशी जुनीच यादी वाचली जाते. अपेक्षित गाव यादीत अवतरेपर्यंत, परंतु एका कमाल मर्यादेपर्यंत, थांबणे योग्य. जुन्नरची यादी मुद्दाम उशिरा पाठवून ती आंबेगावच्या यादीवर चढत नाही ना, हेही पाहावे.

देवनागरी मजकूर

युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या दरम्यान येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे यादीचा क्रम तपासताना कोणता क्रम अपेक्षित आहे, हे आधी ठरवावे लागते. ‘ऱ’ हे अक्षर एका चिन्हाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला नाही. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही मजकूर एकाच रूपात आणले जातात.