एसटी मोफत, लोकलला तिकीट: आटगावच्या पेन्शनरांना फुकट प्रवास नेमका कुठे मिळतो?

अशी कल्पना करा, 76 वर्षांचे दोन आजोबा आहेत. एक मुरबाडचे, दुसरे शहापूर तालुक्यातल्या आटगावचे. दोघांनाही कल्याणला डॉक्टरकडे जायचंय. मुरबाडचे आजोबा एसटीत बसतात, कंडक्टरला आधार कार्ड दाखवतात आणि शून्य रुपयांचं तिकीट घेऊन कल्याणला उतरतात. आटगावचे आजोबा स्टेशनवर जातात, रांगेत उभे राहून पूर्ण पैशांचं तिकीट काढतात आणि लोकल पकडतात.

वय तेच, जिल्हा तोच, कल्याणही तेच. फरक एवढाच की मुरबाडला अजून रेल्वे पोहोचलेली नाही आणि आटगावला स्टेशन आहे. एरवी ज्या गावाला रेल्वे ते गाव सुखी असं मानलं जातं. ज्येष्ठांच्या सवलतीत मात्र गणित उलटं होतं.

मोफत प्रवास कोणाला?

'ज्येष्ठ नागरिकांना पास फ्री' अशा पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतात. त्यातली खरी गोष्ट अशी: 75 वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना एसटी महामंडळाच्या बसमधून राज्यात मोफत प्रवास करता येतो. ही योजना 26 ऑगस्ट 2022 पासून सुरू झाली. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवी वर्षात आली म्हणून तिचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक योजना'. 75 हा आकडाही तिथूनच आलाय.

सवलत साध्या लालपरीपुरती नाही, एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांना ती लागू आहे. मात्र महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. बस पुढे गुजरातेत किंवा कर्नाटकात जात असेल, तर सीमेपलीकडच्या अंतराचे पैसे द्यावे लागतात. एसटी जिथे शहरी बस चालवते, तिथे ती लागू नाही.

शून्य रुपयांचं असलं तरी तिकीट मागून घ्यायचं. एक तर तपासनीस गाडीत चढला तर तोच पुरावा. दुसरं म्हणजे मोफत प्रवासाचा खर्च राज्य सरकार एसटीला भरून देतं. तिकीट फाटलंच नाही, तर आजोबांच्या प्रवासाची नोंद होणार कशी?

75 च्या आतल्यांचं काय?

खरी अडचण इथे आहे. 65 ते 75 वयोगटाला एसटीत अर्धं तिकीट लागतं. पण राज्य सरकारी कर्मचारी साधारण 58 व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा 60 व्या. म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर पुढची पाच-सात वर्षं पुरुषांना वयाच्या नावावर एसटीत काहीच सूट नाही. महिलांना ही अडचण येत नाही, कारण 17 मार्च 2023 पासून सगळ्याच वयाच्या महिलांना एसटीत 50 टक्के सवलत आहे. पंचाहत्तरीनंतर त्यांनाही प्रवास मोफत.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचं एक वेळ भागतं. पण कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना मिळणाऱ्या ईपीएस-95 पेन्शनची किमान रक्कम 2014 मध्ये महिना 1000 रुपये ठरली. 'श्रावणबाळ'सारख्या योजनेत निराधार वृद्धांना महिन्याला 1500 रुपये मिळतात, तेही 2023 च्या वाढीनंतर. दुसरीकडे एसटीचं भाडं जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढलं. महिन्याला दोनदा दवाखाना आणि एकदा बँक एवढीच धावपळ असली, तरी अशा घरात जाण्या-येण्याचा खर्च मोजूनच करावा लागतो. कित्येकदा मग तपासणीच पुढे ढकलली जाते.

मग लोकलमध्ये सवलत का नाही?

कारण लोकल केंद्राची आणि एसटी राज्याची. राज्याची योजना रेल्वेला लागू होत नाही. रेल्वेच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत पूर्वी 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरील महिलांना 50 टक्के सूट होती. 20 मार्च 2020 ला, कोरोनाच्या सुरुवातीला, ती बंद झाली. कोरोना गेला, सवलत परत आली नाही. आपण प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत आधीच देतो, असं रेल्वेचं त्यावर म्हणणं आहे.

रेल्वेविषयक संसदीय समितीने निदान स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये ही सूट परत द्यावी, अशी शिफारस केली होती. उद्या ती मान्य झाली तरी आटगावकरांचा रोजचा प्रश्न तसाच राहील, कारण आटगाव ते कल्याण कोणी स्लीपरने जात नाही. आज लोकलमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव जागा आहेत, तिकिटात सूट नाही. त्यातही काही लोकल आसनगावलाच संपतात. त्यापुढे आटगावला जायचं तर कसारा लोकलची वाट बघत बसायचं.

महानगरपालिकेच्या बसचं काय?

ठाणे परिवहन सेवेने 2024 मध्ये 60 वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास सुरू केला. म्हणजे ठाणे शहरात साठीतच जे मिळतं, त्यासाठी त्याच जिल्ह्यातल्या आटगावकराला पंचाहत्तरीची वाट पाहावी लागते. आटगाव कुठल्याच महानगरपालिकेच्या हद्दीत नाही. कल्याण-डोंबिवलीची हद्द टिटवाळ्यापर्यंत. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी त्यापलीकडे. तानसा आणि भातसा धरणांमुळे मुंबईला पाणी पुरवणारा हा तालुका बसच्या सवलतीत मात्र हद्दीबाहेर.

हद्दीचा हा प्रश्न फक्त इथलाच नाही. लंडनमध्ये 1973 पासून 'फ्रीडम पास' आहे. तो असला की बस आणि मेट्रो मोफत, पण पत्ता लंडनच्या हद्दीतला हवा. हद्दीबाहेरच्या इंग्लंडमधल्या ज्येष्ठांना फक्त बसचा पास मिळतो, आणि सोमवार ते शुक्रवार तो साधारणपणे सकाळी साडेनऊनंतरच चालतो.

आटगावात सवलत वापरायची तर?

आटगाव मुंबई-नाशिक महामार्गालगत आहे आणि एसटीचं आगार शहापूरला आहे. तहसील कार्यालय आणि उपजिल्हा रुग्णालयही शहापूरलाच, त्यामुळे तिथली कामं एसटीने फुकटात होऊ शकतात. अट एकच: गाडी वेळेवर हवी आणि ती थांबायला हवी. ती चुकली की शेअर रिक्षा किंवा जीप, आणि तिथे कसलंच कार्ड चालत नाही. म्हणून आपल्या थांब्यावर कोणती गाडी किती वाजता थांबते, हे आगारात विचारून घरातल्या कोणीतरी लिहून ठेवावं.

दुसरी गोष्ट आधारवरच्या जन्मतारखेची. आजच्या सत्तरी-पंचाहत्तरीतल्या अनेकांची खरी तारीख कुणी टिपलेलीच नाही. शाळेत मास्तरांनी 1 जून लावली, तीच पुढे कागदोपत्री चिकटली. कंडक्टर कार्डावरची तारीखच पाहणार. ती चुकीची असेल तर आधार केंद्रात पुरावा देऊन बदलता येते, पण जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. त्यामुळे आधी मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, पेन्शनची कागदपत्रं समोर मांडून नीट ताळा करा.

कार्ड बरोबर असूनही कंडक्टरने सवलत नाकारली, तर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करता येते. अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा.