नकाशात तोरणमाळ आहे, माणूस कुठाय?

दोस्तहो, तोरणमाळला लोक आज हवा खायला जातात. यशवंत तलाव बघतात, सीताखाई बघतात, फोटो काढतात नि उतरतात. आपण जरा तिथला जुना नकाशा बघू. डोंगर कुणाचा, हे आधी कागदावर ठरतं, मग जमिनीवर.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. १८२५ ला भिल्लांची पलटण उभी केली. १८७८ ला जंगल कायदा आला. सर्वेक्षण खात्यानं मैलाला एक इंच या मापाचे नकाशे काढले, पुढं मीटर आल्यावर १:५०,००० चे. तोरणमाळ सापडतं ४६ के या गटात.

तपकिरी रेषा म्हणजे चढ. निळं म्हणजे पाणी. हिरवं म्हणजे जंगल, नि त्यावर 'आर. एफ.' अशी दोन अक्षरं. राखीव जंगल. संपलं, डोंगर सरकारचा झाला! पावरा-भिल्लांचे पाडे टेकडीटेकडीवर पसरलेले, ते नुसत्या खुणा झाले. त्यातही झोपडीला खुणा दोन : कायमची नि तात्पुरती. पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तात्पुरता की कायमचा, हे ठरवणार मोजणीवाला.

आपल्याला हे नवं नाही. गावाची शीव महाराला तोंडपाठ. तंटा झाला की शीव दाखवायला त्यालाच पुढं करायचे, नि शेत पिकवणार दुसराच. या वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतनं मोडायचा कायदा झाला १९५८ ला. तीस वर्षं गेली.

आता २००६ चा वनहक्क कायदा बघा. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. जंगलात राहणारा दलित मात्र 'इतर' मध्ये. त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. मोजा : १९३० च्या मागं जावं लागतं. ज्याच्या बापाला सातबारा मिळाला नाही, त्यानं आज्याचा कागद कुठून आणायचा?

इथंच हा नकाशा उलटा फिरवता येतो. नियमांत नकाशा पुरावा धरलाय. गावातल्या म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तेही धरलंय. नकाशावर झोपडीची खूण असते, नाव नसतं. नाव म्हातारीच्या तोंडात असतं.

तेव्हा पुढच्या खेपेला तोरणमाळला जाल तर नकाशा न्या, वही न्या. पाड्यावर बसा. खुणेखुणेला नाव विचारा नि लिहून घ्या.

जय भीम.