मांजराच्या सर्दीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या शेजारच्या उसाची तोड चालू होती. घोड नदीच्या काठचं, आंबेगाव तालुक्यातलं आमचं गाव. दुपारी फडात एकदम गलका झाला आणि कोयते थांबले. आमच्याकडे उसात काहीही हललं की तोंडात पहिला शब्द येतो तो 'वाघ'. बिबट्याला जुनी माणसं अजूनही वाघच म्हणतात. मी बांधावर पोहोचले तेव्हा माणसं गोल करून उभी होती आणि मधे पाचटावर मूठभर आकाराचं एक पिल्लू बसलं होतं.

कोणी म्हणालं, बिबट्याचं आहे. कोणी म्हणालं, वाघाटीचं. वाघाटी म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेलं, पूर्ण वाढलं तरी दीडेक किलोच भरणारं रानातलं मांजर. तीही उसातच पिल्लं घालते. असं पिल्लू सापडलं तर घरी न्यायचं नाही, वनखात्याला कळवायचं, हे आता इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. खात्याची माणसं पिल्लू तपासून त्याच जागी एका खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. पण हे पिल्लू पांढरं होतं, पाठीवर पिवळा डाग होता. साधं घरगुती मांजर. दोन्ही डोळे पिवळ्या घाणीने चिकटलेले. ते शिंकलं आणि सगळे हसले. दोन पावलांवर त्याचं भावंड मरून पडलेलं होतं. त्याची आई येते का, म्हणून अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, याला कशाला आणलंस? मांजराचं काय, जगलं तर जगलं." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या अनुभवात आजारी मांजराला औषध करतात ही गोष्टच नव्हती.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. त्या रात्री पिल्लाचे डोळे कोमट पाण्याच्या कापसाने पुसताना मला पहिला प्रश्न पडला तो शब्दाचा. या आजाराला मराठीत म्हणायचं काय? बैलाच्या आजारांना आपल्याकडे रोखठोक नावं आहेत: बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत. कोंबड्यांच्या रोगाला मानमोडी म्हणतात. १९१८च्या इन्फ्लुएन्झालाही लोकांनी मानमोडीच म्हटलं. (जुन्नरच्या दक्षिणेला लेण्यांचा मानमोडी डोंगर आहे, पण त्याचं नाव फार जुनं, तिथल्या शिलालेखात ते 'मानमुकुड' असं येतं.) मांजराच्या आजाराला मात्र नाव नाही. मांजर शिंकतं, मांजर खात नाही, मांजर गेलं, एवढंच. ज्या जनावराच्या मरणाने घर बसतं, त्याच्या आजाराला नाव मिळतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. बाहेर खोड्यात एक गाय उभी होती, दोन शेळ्या होत्या. डॉक्टरांनी पिल्लू हातात घेतलं, ताप पाहिला आणि सरळ सांगितलं की इथला औषधांचा साठा गायी-म्हशींचा आहे, लहान प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यांचं काही चुकलं नाही. तो दवाखाना ज्या परंपरेतून आला, तिच्यात मांजर कधी नव्हतंच.

ती परंपरा आपल्या अगदी जवळची आहे. मुंबईत परळला दिनशॉ माणकजी पेटीट यांच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशॉ पेटीट जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. त्या काळाची मुंबई घोड्यांवर आणि बैलांवर चालत होती. पुढे १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. जनावरांच्या साथीच्या रोगांवर, त्यातही बुळकांडीवर संशोधन करणं हे तिचं काम. असे रोगजंतू भर वस्तीत हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने नाहीसा केलेला हा दुसरा रोग. आत्यांना लहानपणी वडिलांचे बैल टोचायला नेल्याचं आठवतं. सगळं गाव चावडीपुढे जमलं होतं, म्हणतात.

मांजर या कागदपत्रांत येतं ते प्लेगच्या वेळी. १८९६ला मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. उंदराच्या अंगावरची पिसू तो पसरवते हे सिद्ध होऊन सर्वमान्य व्हायला पुढची दहा वर्षं गेली. ते झाल्यावर अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगाव मांजरं मोजली. ज्या गावात मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं. १९०८ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजराला प्लेगचा प्रतिबंधक ठरवणारा लेख लिहिला. रॉबर्ट कॉख त्याच वर्षी जपानला गेले होते. त्यांनीही तिथे उंदरांवर मांजरांचा उपाय सुचवला. वऱ्हाडातल्या घराघरातलं मांजर असं एकाएकी जागतिक वैद्यकाच्या चर्चेत आलं. पण ते आलं साधन म्हणून. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसालाही होऊ शकतो, ही बाजू त्या हिशेबात नव्हती.

पिल्लाचं नाव तोवर चिंगी पडलं होतं. नारायणगावच्या बाजूच्या एका खासगी डॉक्टरांनी तिला तपासलं. ते म्हणाले, याला मांजराचा फ्लू म्हणतात; पण हा माणसाचा फ्लू नव्हे आणि माणसाला लागतही नाही. बहुतेक वेळा यामागे दोन विषाणू असतात. एक कॅलिसिव्हायरस, १९५७ मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडलेला. दुसरा मांजराचा हर्पिसव्हायरस, जो १९५८ मध्ये अमेरिकेत क्रँडेल आणि मॉरर यांनी वेगळा केला. तारखा मी नंतर शोधल्या, आणि चकित झाले. मांजर माणसाजवळ नऊ-साडेनऊ हजार वर्षांपासून आहे. सायप्रसमधल्या तेवढ्या जुन्या एका दफनात माणसाशेजारी मांजर सापडलं आहे. आणि त्याच्या शिंकेचं कारण कळून सत्तर वर्षंही झालेली नाहीत.

विषाणूवर थेट औषध दिलं नाही. वर चढलेल्या जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, डोळ्यांत थेंब. औषधानंतर सिरिंजने थोडं पाणी पाजायचं, नाहीतर ते अन्ननलिकेत चिकटून जखम करतं. आणि डॉक्टरांनी बजावलं, "ताप आहे म्हणून क्रोसिन देऊ नका. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. एक गोळीसुद्धा जीव घेते." मी गप्प बसले. आदल्या रात्री पाव गोळी चमच्यात कुस्करून ठेवली होती. पिल्लू झोपलं म्हणून राहिली, एवढंच.

घरी आले तर आत्या शेगडीत ओवा टाकून धुरी करत होत्या आणि शेजारी विक्सची डबी उघडी. 'जगलं तर जगलं' म्हणणाऱ्या बाई आपल्या नातवंडांना करतात तेच करत होत्या. पण धुराने मांजराची श्वासनलिका आणखी सुजते, आणि विक्समधला कापूर त्याने चाटला तर विष होतं. हे सांगितल्यावर त्या जरा रागावल्या. "मग करायचं तरी काय?" वाफ, मी म्हटलं. नुसती पाण्याची. न्हाणीघरात कढत पाणी सोडून दार लावायचं आणि चिंगीला घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. सकाळ-संध्याकाळ हे काम आत्यांनी घेतलं. आतून त्यांच्या ओव्या ऐकू यायच्या.

तिसऱ्या दिवशी तिने खाणं पूर्ण थांबवलं. मांजर आधी वासाने खातं. नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याला अन्न वाटतच नाही, आणि एवढं लहान पिल्लू उपाशी फार काळ तगत नाही. दुधाला तोंड नाही, उकडलेल्या अंड्याला नाही. सिरिंजने भरवलेलं बाहेर येत होतं. रात्री तिचे कान गार लागले. मी तिला पोटाशी धरून बसले. आता हिचंही पाचटावरच्या भावंडासारखंच होणार, असं मनाशी धरलं होतं.

आत्या उठल्या. आठवडे बाजारातले सुके बोंबील काढले, मीठ जावं म्हणून दोनदा पाणी बदलून उकळले, काटे काढून बोटाने कुस्करले आणि कोमट असतानाच तिच्या नाकाशी धरले. घरभर वास. बराच वेळ काही नाही. मग तिची जीभ बाहेर आली.

आमच्या तालुक्यांत मांजराच्या कुळाला दवाखाना नाही असं नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवायला मदत करते. तेही असंच गरजेपोटी झालं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, खाली ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहू लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरचा अभ्यास करून दाखवलं की, १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत; बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये ते सतरावर गेले. बैलाचा दवाखाना गरजेतून, मांजराची मोजणी प्लेगच्या भीतीतून, बिबट्याचं केंद्र बिबट्याच्या भीतीतून. जनावराची काळजी घेतल्याचा आपला लेखी इतिहास एवढाच आहे. आत्यांच्या बोंबलाची नोंद त्यात कुठे बसत नाही. पण असं कोणीतरी, कुठल्यातरी घरात, नेहमीच करत आलं असणार. ते कोणी लिहून ठेवलं नाही.

चिंगीला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, भांडी ब्लीचच्या पाण्याने धुतली, बरी झाल्यावर लस दिली आणि पुढे शस्त्रक्रियाही करून घेतली. हे तिच्या एकटीसाठी नव्हतं. आमच्या बांधापलीकडे वाघाटी आहे, रानमांजर आहे. पाळीव जनावराचा रोग रानात जातो तेव्हा काय होतं हे २०१८ मध्ये गीरने पाहिलं. तिथल्या मेलेल्या सिंहांमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला.

हर्पिसचा विषाणू एकदा शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. चिंगी दर जानेवारीत, तोड सुरू होऊन ट्रॅक्टरांचा आवाज वाढला की दोन-तीन दिवस शिंकते. आत्या मला हाक मारत नाहीत. न्हाणीघराचं दार लावल्याचा आवाज येतो आणि मग ओवी.