विमानप्रवासातील पेहराव

विमानप्रवासी अंगावर काय घालतात, हे आरंभी थंडी ठरवत असे. पहिल्या महायुद्धानंतरच्या उघड्या विमानांत प्रवाशालाही चामडी कोट, कानटोपी व गॉगल लागे. बंद, उबदार केबिन आल्यावर हा जामानिमा सुटला. तिकीट फार महाग असल्याने पुढे काही दशके लोक समारंभाला जावे तसे सूट, टाय, हॅट घालून विमानात बसत. अमेरिकेत 1978 मध्ये भाडी नियंत्रणमुक्त झाली, प्रवास स्वस्त होत गेला आणि पोशाख सैल झाला. डिसेंबर 2001 मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर अमेरिकेतील तपासणीत 2025 पर्यंत बूट काढावे लागत, आणि चटकन निघणारी पादत्राणे सोयीची ठरली.

तासन्‌तास बसून पाय सुजतात, म्हणून घट्ट कपडे टाळावेत. सुरक्षेचा विचार मात्र फारसा होत नाही, तो व्हायला हवा: नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटते, सुती व लोकरी कापड तसे वितळत नाही, उंच टाचांनी आपत्कालीन घसरगुंडी फाटू शकते. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या मराठी आजीची सुती साडी, स्वेटर आणि सपाट बूट हा म्हणूनच उत्तम पेहराव होय.