दोन यंत्रांची बोलणी



आगगाडीच्या डब्यांत दोन अपरिचित प्रवासी समोरासमोर बसले, म्हणजे प्रथम एखादा शब्द टाकून पाहतात. समोरच्यास कोणती भाषा येते तें उमगलें, कीं संभाषण सुरू होतें. संगणकांस जोडणाऱ्या ईथरनेटच्या तारेवर हाच प्रकार पापणी लवतांच घडून येतो. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं ईथरनेटची कल्पना मांडली. १९९० सालीं पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवरून सेकंदाला १ कोटी बिट नेण्याचें मानक ठरलें. बोलण्यासारखें कांहीं नसलें, तरी यंत्र सुमारें १६ मिलिसेकंदांनीं एक सूक्ष्म विद्युत्स्पंद पाठवून ‘मी येथें आहें’ एवढें कळवीत असे.

१९९५ सालीं दसपट वेगाचें फास्ट ईथरनेट आलें आणि पेंच पडला. नवीं यंत्रें हवीं होतीं. पण जुनीं टाकवत नव्हतीं. शिवाय आळीपाळीनें बोलावयाचें, म्हणजे हाफ डुप्लेक्स, कीं दोघांनीं एकाच वेळीं बोलावयाचें व ऐकावयाचें, म्हणजे फुल डुप्लेक्स, हाही प्रश्न होता. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या ‘एनवे’ या युक्तीवर आधारलेला तोडगा त्या वर्षींच्या मानकांत आला. एका स्पंदाच्या जागीं स्पंदांचा झुबका पाठवावयाचा. त्यांत ३३ जागा. १७ काळ मोजण्यासाठीं, उरलेल्या १६ आपलें सामर्थ्य सांगण्यासाठीं. स्पंद असला तर १, नसला तर ०. तोच शब्द लागोपाठ तीनदां ऐकूं आला, कीं यंत्र पोंच देतें. मग दोघांस साधेल असा सर्वोत्तम पर्याय ठराविक क्रमानें उभयतां पत्करतात. जुन्या यंत्रास मात्र हा झुबका ओळखीच्या स्पंदासारखाच भासतो. नव्यानें जुन्याची भाषा सोडली नाहीं, हेंच या योजनेचें मर्म होय.

परंतु एकानें मौन धरलें तर? आरंभीं या बोलण्यांवर विश्वास न बसल्यानें कित्येक व्यवस्थापक एका टोकाला फुल डुप्लेक्स हातानें बांधून टाकीत. दुसरें टोंक येणाऱ्या संकेतावरून वेग ओळखी. डुप्लेक्स मात्र त्यास ओळखतां येत नसे, म्हणून नियमाप्रमाणें तें हाफ डुप्लेक्स धरी. मग एक मनास येईल तेव्हां बोले आणि दुसऱ्यास ती टक्कर वाटे! दिवा लागलेला, किरकोळ काम चाललेलें. भार वाढला कीं सारें रखडे, आणि दोष भलत्याच्याच माथीं जाई. सावधगिरीच दोषाचें मूळ ठरली होती.

म्हणून धडा असा: बोलणी दोघांनीं करावीं, नाहीं तर दोघांनींही तंतोतंत सारखें बांधून घ्यावें. १९९९ सालीं तांब्याच्या तारेवर गिगाबिट ईथरनेट आलें, तेव्हां तर बोलणीं करणें आवश्यकच ठरलें. एकानें मनांत ठरविलें आणि दुसऱ्यास सांगितलें नाहीं, तर तार जोडलेली असूनही संबंध जुळत नाहीं. हें यंत्रांपुरतेंच खरें आहे, असें कोण म्हणेल?