सोयाबीन : शाकाहारी स्वयंपाकातील

तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनविलेल्या सच्छिद्र व तंतुमय वड्या किंवा त्यांचा भरडा मटणाच्या अथवा खिम्याच्या जागी वापरून केलेले शाकाहारी पदार्थ महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. सोयाबीन हे कडधान्य मात्र मराठी माणसाच्या आहारात त्यापूर्वी निदान चाळीस वर्षे, अगदी वेगळ्या हेतूने, आणण्याचा प्रयत्न झाला होता. तो प्रयत्न फसला आणि वडी टिकली. या फरकाची कारणे आहारशास्त्राइतकीच पाकक्रियेत आणि समाजरचनेत शोधावी लागतात.

मांसाच्या जोडीचा शाकाहारी पदार्थ ही गरज महाराष्ट्रात जुनी आहे. लोणावळ्याजवळील कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहू व आळंदी या वारकरी संप्रदायाच्या प्रमुख क्षेत्रांवरून पुढे जाते. या खोऱ्यात, आणि एकंदर महाराष्ट्रातही, ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली तो मांसाहार वर्ज्य करतो. त्याच्या भावकीत व पुष्कळदा त्याच्याच घरात तो चालू असतो. शिवाय श्रावणात अनेक मांसाहारी कुटुंबेही मांस बंद ठेवतात. अशा समाजात शाकाहारी व मांसाहारी स्वयंपाक हे दोन वेगळ्या पंथांचे राहत नाहीत. भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटण आणि घरचा काळा मसाला दोन्हींत तोच असतो, केवळ भांडी वेगळी असतात. रश्श्यात मटणाऐवजी काय घालावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. त्याला बेसनाची पाटवडी, डाळींचे सांडगे, कच्चा फणस, सुरण अशी उत्तरे पूर्वीच मिळाली होती. सोयाबीनच्या वडीने जी जागा घेतली ती या मालिकेतली होय. चीनमधील बौद्ध मठांत सोयाबीनचे पनीर व गव्हातील चिकट प्रथिन यांपासून मांसासारखे दिसणारे पदार्थ करण्याची फार जुनी परंपरा आहे. परंतु महाराष्ट्रातील प्रघाताचा तिच्याशी संबंध जोडण्याचे कारण दिसत नाही.

आधीचा प्रयत्न १९३० नंतरच्या दशकातला आहे. वर्धा येथे मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाल्यावर महात्मा गांधींनी गरिबाच्या आहाराचे प्रयोग हाती घेतले व १९३५ मध्ये हरिजन साप्ताहिकातून सोयाबीनसंबंधी लिहिले. दूध न परवडणाऱ्या माणसाला स्वस्तात प्रथिने व स्निग्धांश कसे मिळतील, ही त्यामागील चिंता होती. विनोबा भावे यांचे वडील नरहर भावे यांनी बडोद्यास सोयाबीनच्या आहाराचा प्रयोग स्वतःवर केला होता. बडोदा संस्थानात या धान्याविषयी विशेष आस्था होती. तेथील एफ. एस. काळे यांचा सोयाबीनचे आहारातील मूल्य, लागवड व उपयोग यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनशे पाककृती दिलेल्या आहेत. एका अपरिचित धान्याला स्वयंपाकघरात जागा मिळवून देण्याचा एवढा तपशीलवार खटाटोप भारतात तोपर्यंत क्वचितच झाला असेल.

तरीही सोयाबीन घराघरात गेले नाही. त्याचे पहिले कारण त्याच्या घटनेतच आहे. सोयाबीनमध्ये सु. ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिने सु. २२ टक्के असतात. पण तुरीत भरपूर असलेला स्टार्च सोयाबीनमध्ये जवळजवळ नाही. त्यामुळे ते कितीही शिजविले तरी घोटले जात नाही, त्याचे वरण दाटपणे मिळून येत नाही. जे कडधान्य भातावर ओतता येत नाही, त्याला मराठी ताटात मानाची जागा मिळणे कठीणच होते. दुसरे कारण वासाचे. कच्चे दाणे भिजवून वाटले की त्यांतील लायपॉक्सिजनेज या एंझाइमाची तेलावर क्रिया होऊन उग्र, हिरवट वास येतो. दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकले तर हे टळते; परंतु आपल्या पद्धतीत कडधान्य भिजवून मग वाटण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो नेमका येथे आड येतो. याखेरीज कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रथिनांच्या पचनास अडथळा करते. ते नष्ट होण्यास पुरेशी उष्णता द्यावी लागते, म्हणजेच सरपणही अधिक लागते. गरिबाच्या धान्यात हा दोष लहान म्हणता येत नाही. पुढे १९४६ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय डाळींऐवजी सोयाबीनचा सरसकट पुरस्कार करण्यास अनुकूलता दर्शविण्यात आली नाही आणि हा विषय काही काळ मागे पडला.

वडीचा उगम तेल उद्योगात आहे. विद्रावकाच्या साहाय्याने तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या पेंडीत प्रथिनांचे प्रमाण सु. ५० टक्क्यांपर्यंत जाते. अमेरिकेत फोर्ड मोटार कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोयाबीनवर काम केलेल्या रॉबर्ट बॉयर यांनी सोया प्रथिनाचे सूत कातून कृत्रिम मांस बनविण्याचे पेटंट १९५४ मध्ये मिळविले. ही रीत खर्चिक होती. त्यानंतर आर्चर डॅनिअल्स मिडलँड कंपनीतील विल्यम अ‍ॅटकिन्सन यांनी शोधलेल्या सोप्या पद्धतीचे पेटंट १९७० मध्ये मंजूर झाले. तीत तेलविरहित पिठाची ओलसर कणीक मळसूत्री यंत्रातून उच्च तापमानास व दाबाखाली पुढे रेटली जाते. तोंडातून बाहेर पडताच दाब एकाएकी कमी होतो, पाण्याची वाफ होते व पदार्थ फुगून तंतुमय, स्पंजासारखा होतो. भारतात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी १९६० नंतर सोयाबीनच्या लागवडीस चालना दिली. मध्य प्रदेशात तेल गिरण्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर वड्यांची पाकिटे वाण्याच्या दुकानात आली.

ही वडी वाळवणासारखी टिकते, तिला वास बेताचा व स्वतःची चव जवळजवळ नाही. कोणतेही अन्न बेचव असणे हा दोष मानला जातो. येथे मात्र तोच गुण ठरला. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात वड्या पाचदहा मिनिटे ठेवल्या की वजनाच्या दुपटीतिपटीने पाणी शोषून फुगतात. मग त्या थंड पाण्यात टाकून दोनदा घट्ट पिळतात. पिळण्याची पायरी महत्त्वाची, कारण उरलेला वास तिच्यात जातो आणि रिकामी झालेली छिद्रे पुढे रस्सा ओढून घेतात. पिळलेल्या वड्या आले, लसूण, हळद व दही लावून थोडा वेळ ठेवतात, तेलावर परततात व वाटणात मंद आचेवर शिजवितात. न पिळता रश्श्यात टाकलेली वडी आतून पाणचट राहते. भरडा असाच भिजवून, पिळून मटारसह खिम्याप्रमाणे परततात किंवा उकडलेल्या बटाट्यात मिसळून कटलेट करतात. पुलावातही वड्या घालतात. स्वाद मटणाचा येतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. येतो तो मसाल्याचाच, आणि चावण्याचे काम तेवढे वडी करते. ज्यांनी जन्मात मांस खाल्ले नाही अशा काही घरांत नेमक्या या चावण्यामुळे ती नापसंत होते, हेही नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्रात सोयाबीनचा खरा विस्तार १९९० नंतरचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस या नावाने अनेक वाण दिले, तर मध्य प्रदेशात विकसित झालेला जेएस ३३५ हा वाण विदर्भ व मराठवाड्यात दूरवर पसरला. लातूर ही या पिकाची मोठी बाजारपेठ झाली. अतिपावसाच्या मावळात, कुरवंड्यासारख्या घाटमाथ्यावरील गावांत, खाचरे भातासाठीच राखलेली असल्याने तेथे सोयाबीन येते ते प्रामुख्याने पाकिटातून. विदर्भ-मराठवाड्यातील स्थिती याहून निराळी, पण परिणामी फारशी वेगळी नाही. तेथे या पिकाने ज्वारी, मूग व उडीद यांचे क्षेत्र बळकावले. ही पिके शेतकऱ्याच्या घरात खाल्ली जात होती. सोयाबीन काढणीनंतर थेट बाजारात जाते आणि डाळ विकत आणावी लागते. मगनवाडीत ज्या दाण्याकडे गरिबाचे अन्न म्हणून पाहिले गेले, त्याच्या पेंडीचा फारच थोडा भाग वडी होऊन माणसाच्या ताटात येतो. उरलेली पेंड निर्यात होते किंवा कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाते.