रीबूट आज्ञावली (अमिगा)

रीबूट आज्ञावली म्हणजे कमोडोर कंपनीच्या अमिगा या घरगुती संगणकाला, कळफलकावरील कळा न दाबता, केवळ आज्ञेने पुन्हा सुरू करणारी छोटी व निःशुल्क उपयुक्तता आज्ञावली होय. या नावाची एकच अधिकृत आज्ञावली नाही. निरनिराळ्या हौशी लेखकांनी एकाच कामासाठी लिहिलेल्या अनेक आज्ञावल्यांचा हा वर्ग आहे. किकस्टार्ट २.० व त्यापुढील यंत्रांसाठी ती अवघ्या ४४ बाइटांच्या फाइलमध्ये मावू शकते. त्यांपैकी प्रत्यक्ष काम करणारे बाइट केवळ ८ असून उरलेले ३६ बाइट फाइलचा प्रकार व आकार सांगण्यात खर्च होतात. फ्लॉपीवर मात्र हीच फाइल ५१२ बाइटांचे दोन ठोकळे, म्हणजे १०२४ बाइट, अडवते.

पार्श्वभूमी

या मालिकेतील पहिला संगणक, अमिगा १०००, २३ जुलै १९८५ रोजी न्यू यॉर्क येथे सादर झाला. मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर आणि एका वेळी अनेक कामे करू शकणारी कार्यप्रणाली ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९८७ मध्ये आलेल्या अमिगा ५०० मुळे ही मालिका युरोपात घरोघरी पोहोचली. यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी कंट्रोल आणि दोन्ही बाजूंच्या अमिगा कळा अशा तीन कळा एकाच वेळी दाबण्याची सोय होती.

यंत्रासमोर माणूस बसलेला असेल तर एवढी सोय पुरते. परंतु नवी आज्ञावली बसवून झाल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, किंवा टेलिफोनवरून चालणारी संदेशफलक सेवा रात्री कोणी जवळ नसताना ठप्प होऊ नये, अशा गरजांसाठी हे काम आज्ञेने होणे आवश्यक होते. कमोडोरने आवृत्ती ३.१ पर्यंतच्या आपल्या आज्ञासंचात अशी आज्ञा दिली नाही. ती उणीव वापरकर्त्यांनीच भरून काढली.

कार्यपद्धती

वरवर पाहता हे काम क्षुल्लक वाटते. ६८००० प्रोसेसरला 'रिसेट' नावाची एक सूचनाच आहे. ती दिली की झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अधिकाराची. रिसेट ही सूचना प्रोसेसर केवळ 'सुपरवायझर' अवस्थेत असतानाच पाळतो. सामान्य आज्ञावलीने ती दिल्यास अधिकारभंगाची चूक नोंदवली जाते व किकस्टार्ट १.३ पर्यंतच्या यंत्रांवर काळ्या पडद्यावर लुकलुकत्या लाल चौकटीत 'गुरू मेडिटेशन' हा प्रसिद्ध संदेश ८ या क्रमांकासह उमटतो. आपल्याकडील 'गुरू' हा शब्द येथवर पोहोचला तो एका खेळामुळे. अमिगा बनवणाऱ्या मूळ कंपनीने अटारीच्या यंत्रासाठी जॉयबोर्ड नावाची, पायाने वापरायची पाटी विकली होती. तिच्यावर न हलता बसून राहण्याचा खेळ तेथील अभियंते खेळत, आणि त्याचेच नाव या चुकीला मिळाले. किकस्टार्ट २.० च्या पिढीत गुरूची जागा साध्या 'एरर' या शब्दाने घेतली. संदेश अधिक स्पष्ट झाला आणि रुक्षही. रीबूट आज्ञावली ही चूक टाळण्यासाठी कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या 'एग्झेक'ला विनंती करून प्रथम सुपरवायझर अवस्थेत जाते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रिसेट सूचना प्रोसेसरला स्वतःला काहीच करत नाही. ती भोवतालच्या सर्व उपकरणांना पूर्वस्थितीत आणणारा संकेत १२४ घटिका-ठोके, म्हणजे सुमारे १७ ते १८ मायक्रोसेकंद, देत राहते. त्या संकेतासरशी शून्य पत्त्यापासूनची स्मृती झाकली जाते आणि तिच्या जागी रॉम दिसू लागते. जोडकार्डांवरील वाढीव स्मृतीही आपला पत्ता गमावून बसते. आता रीबूट आज्ञावली स्वतः याच दोहोंपैकी कोणत्यातरी स्मृतीत बसलेली असते. म्हणजे रिसेट पूर्ण होताच तिची पुढची सूचना ज्या जागी होती ती जागाच नाहीशी झालेली असते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याचाच हा प्रकार. फक्त येथे फांदी तोडणे हेच काम आहे, आणि तुटल्यावर नेमक्या जागी उतरायचेही आहे.

यावरील उपाय प्रोसेसरच्या एका सवयीत सापडला. एक सूचना पाळत असतानाच प्रोसेसर पुढची सूचना आगाऊ वाचून ठेवतो. रिसेट सूचना दोन बाइटांची, आणि नोंदवहीत ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारण्याची सूचनाही दोन बाइटांची. या दोन्ही एकाच चार बाइटी गटात शेजारी ठेवल्या, तर स्मृती झाकली जाण्यापूर्वीच उडीची सूचना प्रोसेसरच्या आत आलेली असते. हा गट चाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच सुरू व्हावा लागतो. हा नियम मोडला तर आज्ञावली एखाद्या यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर, विशेषतः ६८०२० सारख्या पुढच्या प्रोसेसरवर, यंत्र गोठण्याचा धोका राहतो. चार बाइटांची ही शिस्त म्हणजेच या आज्ञावलीचे खरे मर्म.

उडी कोठे मारायची, हेही ठरवावे लागते. किकस्टार्ट १.३ पर्यंत रॉम २५६ केबींची होती, २.० पासून ती ५१२ केबींची झाली. त्यामुळे तिचा आरंभ-पत्ता गृहीत धरणे धोक्याचे होते. शेवट मात्र दोन्हींत तोच, १,६७,७७,२१६ बाइटांच्या सीमेवर. शेवटापासून २० बाइट अलीकडे रॉमचा आकार लिहिलेला असतो. तो शेवटातून वजा केला की आरंभ मिळतो, आणि तेथून सुरुवातीच्या सूचनेचा पत्ता काढता येतो.

किकस्टार्ट २.० पासून कमोडोरने ही सारी करामत एग्झेकमध्येच 'कोल्डरीबूट' नावाच्या कार्यात समाविष्ट केली. त्यानंतर आज्ञावलीला केवळ पत्ता ४ वरून एग्झेकचे ठिकाण वाचून या कार्याकडे उडी मारणे पुरते. आरंभी उल्लेखिलेले ८ बाइट ते हेच.

पुनरारंभानंतर उरणाऱ्या गोष्टी

कार्याच्या नावात 'कोल्ड' असले तरी वीज बंद होत नाही, म्हणून स्मृतीतील सर्व मजकूर पुसला जात नाही. एग्झेक आपल्या जुन्या नोंदी तपासते आणि त्या शाबूत वाटल्यास त्यांतील काही पुढे चालवते. आवृत्ती १.३ सोबत आलेली, पुनरारंभातून तरून जाणारी स्मृती-चकती 'आरएडी' याच सोयीवर उभी आहे.

विषाणूंनीही हीच वाट धरली. १९८७ च्या अखेरीस पसरलेला एससीए विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या १०२४ बाइटांत राहत असे. एकदा स्मृतीत शिरला की तो एग्झेकच्या 'कूलकॅप्चर' या नोंदीत आपला पत्ता लिहून ठेवी आणि प्रत्येक पुनरारंभाच्या वेळी यंत्रात असलेल्या, लेखनबंदी नसलेल्या फ्लॉपीवर स्वतःची प्रत उतरवी. म्हणजे अशा यंत्रावर रीबूट आज्ञावली चालवणे हे विषाणूला घालवणे नव्हे, तर त्याला पसरण्याची संधी देणे होते. त्यावर यंत्राची वीज काही काळ पूर्ण बंद ठेवणे हाच खात्रीचा उपाय होता.

दुसरी जोखीम लेखनाची. चकतीवर लेखन चालू असताना पुनरारंभ झाल्यास तिचा जागावाटपाचा नकाशा अपुरा राहतो. पुढच्या वेळी कार्यप्रणालीला तो पुन्हा बांधावा लागतो, आणि अर्धवट लिहिलेली फाइल हाती लागेलच असे नाही. कोल्डरीबूट हे कार्य लेखन संपण्याची वाट पाहत नाही. म्हणून केवळ ८ बाइटांची आज्ञावली कौतुकास्पद असली तरी, आधी चकत्यांवरील प्रलंबित लेखन पूर्ण करवून घेणारी किंवा निदान काही सेकंद थांबणारी, थोडी मोठी आज्ञावली अधिक शहाणपणाची ठरते.

वितरण

अशा लहान निःशुल्क आज्ञावल्या फ्रेड फिश यांनी संकलित केलेल्या फ्लॉपींच्या मालिकेसारख्या संग्रहांतून, आणि १९९२ पासून अमिनेट या संग्रहातून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तरी कार्यप्रणालीच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. २००० साली आलेल्या ३.९ या आवृत्तीत 'सेटपॅच' ही आज्ञा रॉममधील सुधारित भाग स्मृतीत ठेवते आणि यंत्र स्वतःच एकदा पुन्हा सुरू करते.